गाळपेर

मुंबईला, वकीलसाहेब सांगत होते,
जहाजालाच आरोपी करतात.
मालक कुठल्या का मुलखात असेना,
बेलिफ शिडीनं वर चढतो
आणि डोलकाठीला कागद डकवतो.
मग जहाज हलत नाही.
चाळीस हजार टन लोखंड
एका शिक्क्याला भिऊन उभं राहतं.

हे त्यांनी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये सांगितलं,
बशीत चहा ओतता ओतता.
मी बेलिफ. नाशिक जिल्हा, एकवीस वर्षं.
शटरवर, भाडेकरूंच्या दारांवर,
एकदा म्हशीच्या गोठ्यावरसुद्धा डकवलंय.
समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर,
तेव्हा खिशात खळ नव्हती.

प्रकरण एवढंच :
गंगापूर धरणाच्या फुगवट्यात, सावरगावच्या अंगाला,
'जलपरी' नावाची मोटारबोट
(माणसं अकरा, जॅकेटं सहा)
लहानू भोयेच्या होडीतून आरपार गेली.
लहानू तिसऱ्या दिवशी सापडला.
होडी नाहीच.

जिवलीबाई आधी मुंबईला गेली.
तिथं म्हणाले, हे गोडं पाणी, नाशिकला जा.
नाशकात बोटवाल्याचे वकील म्हणाले,
दोन नौकांची टक्कर, हे काम दर्यावरच्या कोर्टाचं,
मुंबईला जा.
कसाऱ्याचा घाट तिनं सात वेळा चढला-उतरला,
डब्यात नागलीची भाकर.

मग कुणीतरी जुनं पुस्तक काढलं :
फार पूर्वी, कुठल्याशा थंड देशात,
भरतीचं पाणी जिथवर चढायचं
तिथवरच त्या कोर्टाचा हात पोचायचा.
बाई, तुमच्याकडं भरती येते का?
येते की, जिवलीबाई म्हणाली.
त्र्यंबकाला झोडपला की चढतं,
पाटबंधाऱ्याचा फोन आला की उतरतं.
लघुलेखकानं फक्त 'येते' लिहून घेतलं.

आणि गोदावरी शेवटी समुद्रालाच मिळते ना,
असंही एकदा म्हणून पाहिलं कुणीतरी.
साहेबांनी चष्मा काढला.
मिळते, म्हणाले, पण दरवाजे बंद आहेत.

वैशाखात एकदाचा हुकूम निघाला.
बोट जप्त. जागेचा पंचनामा.
मी स्कूटरवरून गेलो, गिरणाऱ्याच्या वाटेनं,
डिकीत खळीची बाटली.
द्राक्षांचे मांडव संपले, तरी पाणी दिसेना.

जलपरी चिखलाच्या भेगांवर एका कुशीवर पडली होती.
सावलीत शेळी.
डोलकाठी शोधली. नव्हतीच.
छताच्या पत्र्यावर डकवावं म्हटलं,
तर पत्रा तव्यासारखा, खळ लावताच वाळायची.
शेवटी सुकाणूच्या चाकाला सुतळीनं बांधला कागद.
पळून जाशील, असं तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

टक्कर कुठं झाली, मी विचारलं.
जिवलीबाई बाभळीच्या एका बुडीत खोडापाशी गेली,
तिथून पावलं मोजत निघाली,
गाळपेरीच्या कलिंगडांतून,
वेल न तुडवता,
आणि थांबली.
इथं.

मी फॉर्म काढला. जमिनीचाच होता, दुसरा छापतच नाहीत.
पूर्वेस : दगडू गांगुर्डे याचे कलिंगड.
पश्चिमेस : तेच.
दक्षिणेस : भेगा, पुढे मोटार बोट.
उत्तरेस : बाभळीचे खोड, मयताने होडी बांधण्याचे.
चतुःसीमा पुरी झाली.

तिनं वर पाहिलं. मीही.
चार बांबू होतं पाणी, ती म्हणाली,
घार फिरते ना, तिथंवर.
फॉर्मात वरचा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, मग खोडलं,
मग खोडल्याखाली सही केली, नियम आहे तसा.

निघताना पंच म्हणून गांगुर्ड्याचा अंगठा घेतला.
त्यानं एक कलिंगड पुढं केलं. सरकारी कामात घेता येत नाही.
जिवलीबाईनं घेतलं,
कानाशी धरून बोटानं वाजवलं,
आणि बराच वेळ ऐकत राहिली.

पुढली तारीख आषाढात आहे.